विहीणबाईंचा साबण

माणसानं पाहुणं म्हणून यावं, चार दिवस राहावं, खावं-प्यावं, वाटलंच तर आमटीला नावं ठेवावीत. पण ओला साबण हातात धरून दुसऱ्याच्या घरभर फिरू नये. दुर्गाबाई शिर्क्यांचं सुनेच्या आईबद्दल एवढंच म्हणणं होतं, आणि दिवाळीपासून ते त्या रोज कुणाला ना कुणाला ऐकवत होत्या.

झालं होतं असं. सुहासिनीबाई, म्हणजे सुनेच्या, अवंतीच्या, आई, पुण्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दिवाळीला बडोद्याला आल्या, शिर्क्यांच्या मांजलपूरच्या फ्लॅटवर राहिल्या. रोज सकाळी त्यांची आंघोळ झाली की बाथरूमचं दार उघडायचं आणि विहीणबाई बाहेर यायच्या: एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात साबण, साबणावर अंग घासायची जाळी, जाळीवर दाताचा ब्रश. ही वरात हॉलमधून, पेपर वाचणाऱ्या दुर्गाबाईंच्या यजमानांच्या, विश्वंभररावांच्या, पायांपुढून, थेंब-थेंब ठिपके पाडत अवंतीच्या खोलीत जायची. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राची घडी टाकून सगळं ओळीनं वाळत ठेवलं जायचं. बाथरूममध्ये साबणदाणी होती, स्टँड होता, ब्रशचा पेला होता. पण बाईंनी आपली एकही वस्तू तिथे मागे ठेवली नाही. आणि तोंडातून अवाक्षर नाही!

तेच दुर्गाबाईंना लागलं. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं. दुर्गाबाईंची शाळा चौथीतच सुटली, पण बोलण्यात त्यांनी आजवर कुणाची उधारी ठेवली नव्हती. भाजीवाला, गॅसवाला, बँकेतली चष्मेवाली, सगळे त्यांना ओळखून होते. समोरचा एक शब्द बोलला की दुर्गाबाईंना हुशारी यायची. पण न बोलता साबण वाळवणाऱ्या माणसाला उत्तर काय द्यायचं?

विहीण पुण्याला गेल्यावर त्यांनी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं आणि पाहणी केली. साबण दाणीत आपल्याच पाण्यात बसला होता. खाली बोट घातलं तर साजूक तुपातल्या शिऱ्यासारखा लागला. जाळी नळावर अडकवलेली, वरून कोरडी, पिळली तर कालचं पाणी. टाचा घासायची वजरी कोपऱ्यात, तिच्याखाली हिरवट गोल. ब्रशच्या पेल्यात तळाला पांढरं पाणी. डबलं, म्हणजे आंघोळीचा मग, बादलीत तोंड वर करून पडलेलं. हे सगळं खरं होतं, हे दुर्गाबाईंनी मनातल्या मनात कबूल केलं. पण खरं असलं म्हणून काय झालं? खरं बोलायचा हक्क घरच्यांचा.

बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, "यापुढे या घरात एकही वस्तू ओली राहणार नाही."

"बाथरूममध्ये?" विश्वंभररावांनी पेपरमागून विचारलं. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून पेपरमागेच राहायला गेले होते.

"बाथरूममध्येच."

"बाथरूम ओलंच असतं."

"तुमच्या रेल्वेत असेल."

अवंती म्हणाली, "अहो आई, तुम्ही मनाला का लावून घेता? तिची सवयच आहे ती. मावशीकडे गेली तरी असंच करते."

"मावशीकडे खुशाल करू दे. मावशीचं बाथरूम कसं आहे ते मला काय ठाऊक? माझं मला ठाऊक आहे." आणि मग खालच्या आवाजात, "पुन्हा कधी येणार आहेत?"

"शिवरात्रीला जोडून येईन म्हणाली."

म्हणजे मुदत ठरली. शिवरात्रीला विहीणबाई आंघोळ करून रिकाम्या हातानं बाहेर आल्या पाहिजेत. बाकी जगात काय चाललं होतं याच्याशी दुर्गाबाईंना त्यानंतर देणंघेणं उरलं नाही. मुलगा उन्मेष कंपनीच्या कामावर दहेजला होता, त्यानं फोनवर "आई, नवीन काय?" विचारलं तर त्याला साबणाच्या तळाची हकिगत ऐकावी लागली.

कोणत्याही कामाआधी इतरांकडे काय आहे ते पाहावं, ही दुर्गाबाईंची पद्धत. त्यामुळे पुढचे काही दिवस त्या सोसायटीत ज्या घरी गेल्या तिथे त्यांचे हात चिकट झाले. "जरा हात धुऊन येते हं," म्हणून ज्या आत शिरायच्या, त्या यजमानीण दाराशी येऊन खाकरेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. खालच्या पद्माबेनचा साबण एका जुन्या मोज्यात घालून नळाला टांगलेला होता. पद्माबेनच्या मते मोज्यातून पाणी गळून जातं. साबण मोज्यातून कधीच बाहेर येत नाही हे वेगळं. पद्माबेन मोज्यासकट अंग घासायच्या. सेक्रेटरी पीयूषभाईंच्या घरी साबणदाणीवर रबरबँड ताणून त्यावर साबण निजवला होता. तो घसरून बादलीत गेलेला दुर्गाबाईंनी स्वतः पाहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्रोफेसरांनी साबणच टाकून दिला होता. बाटलीतून दाबून कायसं पातळ काढायचे. दुर्गाबाईंनी ते हुंगलं आणि सर्दीचं औषध म्हणून निकालात काढलं.

एकूण, सगळी सोसायटी बुळबुळीत होती. या शोधानं दुर्गाबाईंना फार बरं वाटलं. पण पद्माबेनच्या विहीणबाई पुण्याच्या नव्हत्या.

पहिला उपाय लहरीपुऱ्याच्या बाजारातून आला. त्या आणि विश्वंभरराव बसनं गेले, उन्हातून हिंडले आणि एका प्लास्टिकवाल्याकडून भिंतीला चिकटणारं कपाट घेऊन आले. मागे रबरी वाट्या, खाली जाळी, बाजूला टॉवेलची दांडी. दुकानदारानं ते काउंटरच्या काचेला चिकटवून वर स्वतःचं वजन टाकून दाखवलं होतं. "मासी, दीवाल पडशे, आ नहीं पडे." भिंत पडेल पण हे पडणार नाही!

त्यानं शब्द अर्धा खरा केला. भिंत पडली नाही. विश्वंभरराव तोंडाला साबण लावून उभे असताना कपाटानं भिंत सोडली. खोबरेलाची बाटली पाठीवर, वजरी पायाच्या अंगठ्यावर आणि टॉवेल भरल्या बादलीत. त्यांनी अशी आरोळी दिली की मजल्यावरचे सगळे दारात जमले. खालून पद्माबेन धावत आल्या आणि बंद दाराला तोंड लावून विचारू लागल्या, "भाई, वाग्युं तो नथी ने?" आतून उत्तर आलं, की लागलंय, पण कृपा करून सगळ्यांनी आपापल्या घरी जावं. जावं तर कसं? कुणालाही काळजी वाटत होती. कोरडा टॉवेल आत सरकवायला दार किती उघडायचं यावर दाराच्या दोन्ही बाजूंनी वाटाघाटी झाल्या. विश्वंभरराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या स्वागताला बारा-तेरा माणसं उभी होती. त्यानंतर ते लिफ्टमध्ये कुणाशी बोलेनात.

"चिकटवलेलं ते चिकटवलेलंच," दुर्गाबाई म्हणाल्या. "खिळा पाहिजे."

भिंतीत खिळा ठोकायचा तर ड्रिल, आणि ड्रिल म्हटलं की कमिटी. पीयूषभाईंनी पहिल्याच दमात सांगितलं, "मासी, टाइल्सनी पाछळ वॉटरप्रूफिंग छे. अरजी आपो." अर्ज अवंतीनं लिहिला. कारणाच्या जागी 'साबण वाळवण्यासाठी' असं लिहायला ती लाजत होती. दुर्गाबाईंनी तेच लिहायला लावलं आणि खाली ठसठशीत सही केली. सही त्यांची फार देखणी होती. चौथीत शिकलेल्या अक्षरांपैकी त्यांनी रोजच्या वापरात तेवढीच ठेवली होती.

कमिटीची बैठक पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून झाली. अर्ज वाचल्यावर प्रत्येकाला आपापली गळती आठवली. एकाचा बेडरूमचा कोपरा, दुसऱ्याचं देवघर, प्रोफेसरांच्या पुस्तकांना आलेली बुरशी. कुणी कुणाच्या डोक्यावर पाणी सांडतं याची अशी काही मोजदाद झाली की दोन घरांचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. साबणाचा विषय सगळ्यात शेवटी निघाला आणि एका वाक्यात संपला: बाथरूमच्या भिंतीला भोक नाही.

"मासी, वरसाद पूरो थाय पछी जोईशुं," पीयूषभाई समजावणीनं म्हणाले.

"पावसाळा संपेपर्यंत? पीयूषभाई, अजून उन्हाळाच आलेला नाही."

दुर्गाबाई ताठ मानेनं वर आल्या. पण दार लावल्यावर दाराजवळच्याच खुर्चीत बसल्या. भोक नाही, चिकटवणं नाही, आणि शिवरात्र तर दाराशी. डोळ्यांपुढे तीच वरात: टॉवेल, साबण, जाळी, ब्रश. थेंब, थेंब, थेंब. आपण आयुष्यभर राबून उभं केलेलं घर, आणि त्यात एक साबण ठेवायला माणसाला भरवसा वाटू नये?

मग त्यांनी जेवणाची ताटं घासून पालथी घातली. आणि हात तिथेच थांबला. ताटं कशी वाळतात? उभी राहतात, पाणी आपल्या पायानं खाली जातं. त्याला कुणी पुसत नाही की पंखा घालत नाही. मग साबणाला कुणी आडवं झोपायला सांगितलंय?

"अहो!" त्यांनी हाक मारली. "माळ्यावर चढा. माझं ताटाळं काढा."

ताटाळं म्हणजे ताटं उभी करायची स्टीलची मांडणी. माहेराहून आलेलं, कडेला नाव कोरलेलं. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आल्यापासून माळ्यावर पडून होतं. वर ताटांचे खाचे, मध्ये वाट्यांची फळी, एका बाजूला चमच्यांची जाळी, खाली कपांचे आकडे.

"ताटाळं बाथरूममध्ये?" विश्वंभरराव स्टुलावरून म्हणाले. "जेवायच्या भांड्यांचं आहे ते. पुन्हा स्वयंपाकघरात घेता येणार नाही."

"रिटायर झालंय ते. तुम्हाला रेल्वेत परत घेतलं का कुणी?"

बाथरूमच्या खिडकीला गज होते. त्या गजांना दोन जाड आकडे घालून ताटाळं लटकवलं. भोक नाही, गोंद नाही, अर्ज नाही. साबण ताटासारखा खाचेत उभा राहिला. ब्रश चमच्यांच्या जाळीत गेले. अंग घासायची जाळी कपाच्या आकड्याला, डबलं पालथं दांडीवर, वजरी चहाच्या जुन्या गाळणीत. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी साबणावरून बोट फिरवलं तर ते टिचकी मारल्यासारखं वाजलं. त्यांनी अवंतीला हाक मारून तिलाही वाजवून दाखवलं.

पण कोरड्या वस्तूंमधलं पाणी कुठेतरी जायला पाहिजे, आणि ते खाली फरशीवर जात होतं. विश्वंभररावांचा पाय घसरला, तेव्हा दुर्गाबाईंनी एकच बदल केला. ताटाळं गजांच्या आतून काढून बाहेरच्या बाजूनं लावलं. गजांतून हात घातला की साबण मिळायचा. वर ऊन, चहूकडून वारा, आणि पाणी बाहेरच्या बाहेर.

बाहेर म्हणजे पद्माबेनच्या पापड्यांवर. मागच्या अंगणात त्यांनी तांदळाच्या पापड्या चादरीवर वाळत घातल्या होत्या. दोन दिवसांनी त्या तळलेल्या पापड्यांची ताटली घेऊन वर आल्या आणि हसतमुखानं म्हणाल्या, "दुर्गाबेन, चाखो."

दुर्गाबाईंनी तुकडा तोंडात टाकला. जिभेला चंदन लागलं. त्यांनी तो शांतपणे चावला, गिळला आणि म्हणाल्या, "मीठ थोडं कमी आहे."

मात्र दुपारी विश्वंभररावांकडून प्लास्टिकचा पाइप उभा चिरून घेतला, त्याची पन्हळ केली आणि ताटाळ्याखाली तारेनं अशी बांधली की पाणी बाजूच्या सांडपाण्याच्या पाइपावरून उतरावं. चार दिवस करवत चालवल्याचा आव आणत विश्वंभररावांनी ते काम केलं, आणि पहिल्यांदाच कुणी पाहायला आलं की पेपर खाली ठेवू लागले. कारण पाहायला येणारे खूप होते. ताटाळ्याचा फोटो पद्माबेननं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. बायका यायच्या, गजांतून हात घालून साबण वाजवून बघायच्या, "वाह मासी!" म्हणायच्या. बाथरूम कोरडं झालं होतं खरं, पण ते बघायला येणाऱ्यांच्या पायांनी दिवसभर माखलेलं असायचं.

फोटो पीयूषभाईंनीही पाहिला. लगेच कागद आला: इमारतीच्या बाहेर काहीही लटकवू नये, शोभा जाते.

"मागच्या बाजूला शोभा? तिथे ड्रेनेजची झाकणं आहेत, पीयूषभाई."

"नियम एटले नियम, मासी."

"बरं. शिवरात्र होऊ दे, काढते."

पीयूषभाईंना शिवरात्रीचा आणि ताटाळ्याचा संबंध कळला नाही. पण धार्मिक बाब दिसते म्हणून त्यांनी तेवढी सवलत दिली.

विहीणबाई आल्या. पहिल्या सकाळी त्या बाथरूममध्ये गेल्या तेव्हा दुर्गाबाई हॉलमध्ये वाती वळायला बसल्या. विश्वंभररावांचा पेपर त्यांच्या तोंडापुढे होता, पण पान उलटत नव्हतं. अवंती ऑफिसला जायचं सोडून चपला शोधत होती. आत पाणी वाजलं, थांबलं. कडी सरकली.

सुहासिनीबाई बाहेर आल्या. एका हातात टॉवेल. दुसरा हात रिकामा.

त्या सगळ्यांकडे बघून नेहमीचं मोजकं हसल्या आणि खोलीत निघून गेल्या. फरशीवर एक थेंब नव्हता. दुर्गाबाईंच्या हातून वात इतकी लांब वळली गेली की ती समईला चालली नसती. त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या. ताटाळ्यात, मधल्या खाचेत, पुण्याचा हिरवा साबण ताठ उभा होता.

त्या दिवशी पुरणपोळीचा बेत ठरला. सणवार काही नव्हता.

पुरण शिजत असताना मागच्या अंगणातून पद्माबेनची किंकाळी आली. मग वॉचमनची शिट्टी. मग नवरात्रीसाठी घेतलेला सोसायटीचा माइक खरखरला आणि पीयूषभाईंचा आवाज घुमला, "हडकायो वांदरो! बारी-बारणां बंध करो!"

पिसाळलेलं वानर, दारं-खिडक्या लावा! दुर्गाबाई गॅलरीत आल्या. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर थोरलं वानर बसलं होतं. काळंभोर तोंड, आणि तोंडातून पांढरा फेस! फेस हनुवटीवरून छातीवर ओघळत होता. ते मधूनच डोकं झटकायचं, जीभ बाहेर काढून हातानं पुसायचं. पुसलं की आणखी फेस. खाली पळापळ सुरू होती. आयांनी मुलं ओढून नेली. वॉचमननं केबिनची कडी आतून लावली आणि शिट्टी चालू ठेवली. फोन गेले, जाळी आणि पिंजरा घेऊन माणसं निघाली असं कळलं.

दुर्गाबाई वळल्या आणि बाथरूममध्ये गेल्या. मधली खाच रिकामी होती.

आता त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो पुरण करपेपर्यंत सुटला नाही. बोलायचं म्हणजे कागद येऊनही ताटाळं बाहेरच होतं, हे सगळ्या सोसायटीपुढे, माइकवर, कबूल करायचं. त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसानं आज पहिल्यांदा भरवशानं आपला साबण या घरात ठेवला, त्याला सांगायचं की तो वानरानं खाल्ला. गप्प राहिलं तर? फेस संपेल, वानर जाईल, पिंजरेवाले चहा पिऊन जातील. कुणाला कळणार?

तेवढ्यात माइक पुन्हा खरखरला. वानराची लाळ टाकीत गेली असणार. दोन्ही टाक्या आत्ताच्या आत्ता रिकाम्या करण्यात येत आहेत. कुणीही नळाचं पाणी वापरू नये. नवं पाणी उद्या, टँकर मिळाला तर.

सोसायटीभर एकच हलकल्लोळ झाला. प्लंबर गच्चीच्या जिन्याकडे निघाला. घरोघर लहान मुलं, म्हातारी माणसं, आणि तीनशे पावलांवर सुद्धा विहीर नाही. दुर्गाबाईंनी गॅस बंद केला, पदर कमरेला खोचला आणि जिना उतरल्या. विश्वंभरराव मागून "अगं, कुठे?" म्हणत आले. हातात पेपर होता, पण घडी घातलेला.

अंगणाच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी हात वर केला. "प्लंबरला थांबवा! पीयूषभाई, गांडो नथी ए. साबू खाधो छे!"

वानर पिसाळलेलं नाही, त्यानं साबण खाल्लाय! पीयूषभाईंनी माइक खाली घेतला. "साबू? क्यांथी?"

इथे कुणीही दुसरीकडे पाहिलं असतं. दुर्गाबाईंनी सरळ मागच्या भिंतीकडे, आपल्या ताटाळ्याकडे बोट केलं. "तिथून. माझ्या ताटाळ्यातून. तुमचा कागद आला होता, मी काढलं नाही. चूक माझी. पण चुकीपायी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करू नका."

"पण मासी, खात्री शी?" पीयूषभाई फेसाकडे बघत म्हणाले. "रेबीज होय तो?"

तेव्हा वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, माइकशिवाय आवाज आला. तो असा आवाज होता की अंगणातले पुरुष आपोआप रांगेत उभे राहिल्यासारखे झाले.

"साबण माझा आहे! कडुनिंबाचा. मी आज सकाळी तिथे ठेवला होता. त्या प्राण्याला नुसतं पाणी द्या, आणि ती शिट्टी आधी बंद करा!"

शिट्टी बंद झाली. वानरानं त्या शांततेत हातातला हिरवा तुकडा एकदा निरखून पाहिला, तोंड वेडंवाकडं केलं आणि तो फेकून दिला. तुकडा पीयूषभाईंच्या स्कूटरच्या सीटवर पडला. त्यावर दात स्पष्ट उमटले होते. पिंजरेवाले आले तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला, हुंगला, आणि अंगणात पाण्याची परात ठेवायला सांगितली. वानर खाली उतरलं, भरपूर प्यायलं, फेसाचा शेवटचा बुडबुडा काढला आणि भिंतीवरून निघून गेलं.

टाक्या वाचल्या. पद्माबेननं दुर्गाबाईंचा हात धरला. पण पीयूषभाई नियमाचे पक्के. "मासी, हवे तो काढवुं पडशे."

"काढते की. आत्ता काढते. पण पीयूषभाई, आत लावलं तर तुमची शोभा जाणार नाही ना?"

"अंदर तमारुं घर छे, मासी."

विश्वंभररावांनी स्वतःहून ताटाळं आत घेतलं. गजांच्या आतून पुन्हा लटकवलं आणि आपली पन्हळ त्याखाली अशी तिरकी बांधली की पाणी थेट मोरीच्या तोंडाशी उतरू लागलं. फरशी कोरडीच्या कोरडी. "हे आधीच सुचलं असतं," ते म्हणाले. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर शोधायला गेले.

पुरण करपलं होतं. दुपारी नुसता चहा झाला. दुर्गाबाई कप घेऊन बसल्या, पण आत काहीतरी खुपत होतं. साबण तर गेला. आता विहीणबाई उरलेल्या वस्तू उचलून खोलीत नेणार, खिडकीत वर्तमानपत्र पसरणार, आणि कोणत्या तोंडानं त्यांना अडवायचं?

सुहासिनीबाई आल्या. हातात अंग घासायची जाळी होती. दुर्गाबाईंनी कप खाली ठेवला.

"खाली पडली होती," विहीणबाई म्हणाल्या. "कोणत्या आकड्याला लावायची? आणि मला तुमच्यातला एक साबण द्याल का?"

 दुर्गाबाईंच्या मनात दिवाळीपासून कोंडलेलं एकदम बाहेर आलं. "देते. दोन देते. पण आधी एक सांगा. दिवाळीत रोज साबण हातात घेऊन का फिरत होतात?"

सुहासिनीबाईंचा चेहरा उतरला. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, अगदी टोकाशी. "तुम्हाला लक्षात आलं होतं?"

"हॉल माझा आहे, विहीणबाई. थेंब मी पुसत होते."

"अहो, साबण दाणीत गळायचा. वाया जायचा. पण मुलीचं सासर. लोकांच्या घरी जाऊन तुमची साबणदाणी बरोबर नाही, असं कसं म्हणायचं?" त्यांनी जाळीचा कोपरा चुरगळला. "शाळेत मी इन्स्पेक्टरला सुद्धा सुनावलंय. पण इथे धीर होईना. खरं सांगायचं तर तुमच्यासमोर तोंड उघडायची मला भीतीच वाटते. अवंतीला रागावाल, असं वाटलं."

दुर्गाबाईंनी पाठ खुर्चीला टेकवली. पुण्याची मुख्याध्यापिका, आणि आपल्याला भिते! हे त्यांनी मनात दोनदा घोळवून पाहिलं. दोन्ही वेळा गोड लागलं. पण त्यातला 'लोकांच्या' हा शब्द काही केल्या घशाखाली उतरेना.

विश्वंभररावांनी पेपर खाली केला. अवंती दारात येऊन उभी राहिली.

दुर्गाबाई उठल्या. विहीणबाईंच्या हातातली जाळी काढून घेतली आणि कमरेवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, स्पष्ट सांगते, राग मानू नका. तुम्ही शिकलात पुष्कळ, पण तुम्हाला घरच्यांशी भांडता येत नाही. परवाचं तिकीट रद्द करा. आठ दिवस राहा, मी शिकवते."